‘समाधानी’ लिहिणारे वाचक आणि परत न आलेले वाचक

प्रश्न असा आहे. सोलापूरच्या पूर्व भागातल्या सरकारी वर्गवारीतल्या एका ‘ब’ वर्ग सार्वजनिक वाचनालयाच्या ग्रंथपाल विचारतात: “सभासदांकडून सेवांबद्दलचा फॉर्म भरून घेतला. बहुतेकांनी ‘समाधानी’वर खूण केली आहे. पण पुस्तकांची देवघेव दरवर्षी कमी होतेय, अभ्यासिका मात्र भरलेली असते. कार्यकारी मंडळाला अहवाल द्यायचा आहे. आमची सेवा वाचकांच्या अपेक्षेला उतरते, असं लिहू का?”

एवढ्या आधारावर तसं लिहू नका. वाचकांनी खोटं लिहिलंय असं मी म्हणत नाही. पण तुम्हाला जे जाणून घ्यायचंय ते त्या फॉर्ममध्ये आलेलंच नाही. मी सोलापुरातच आधी सार्वजनिक वाचनालयात आणि मग कॉलेजच्या ग्रंथालयात मिळून सत्तावीस वर्षं काम केलं. असे फॉर्म मीही भरून घेतले, बेरजा केल्या, अहवाल दिले. कॉलेजमध्ये तर नॅकची, म्हणजे कॉलेजांचं मूल्यांकन करणाऱ्या संस्थेची, समिती यायची म्हटलं की हे काम ठरलेलंच. त्या बेरजांमधून वाचनालयातली एक खुर्चीसुद्धा इकडची तिकडे झाली नाही, म्हणून मी दुसरे मार्ग शोधायला लागले. त्यातून जे हाती लागलं ते सांगते.

आधी बघा, फॉर्म कुणी भरला? जो आला त्यानं. काउंटरवर तुम्ही स्वतः कागद पुढे केलात, वर नाव आणि सभासद क्रमांक लिहायचा. आपल्याकडे रोज पुस्तक काढून देणाऱ्या माणसाला तोंडावर वाईट कोण म्हणेल? “चांगलंय की मॅडम, काय तक्रार नाही,” असंच म्हणणार. आणि ज्याला खरोखर काही मिळालं नाही तो त्या दिवशी तिथे नव्हताच. त्याचं येणं कधीच बंद झालेलं आहे.

याहून अवघड गोष्ट म्हणजे समाधान अपेक्षेच्या मापानं मोजलं जातं, आणि अपेक्षा खाली आली की कमी सेवेतही समाधान मिळतं. आपल्या शहराला हे वेगळं सांगायला नको. नळाला रोज पाणी येत नाही; चार दिवसांनी ठरल्याप्रमाणे आलं की आपण “यंदा वेळेवर आलं” म्हणतो, आणि ते मनापासून म्हणतो. पण म्हणून पाणीपुरवठा चांगला आहे असं कुणी अहवालात लिहिलं तर आपल्याला पटेल का? वाचकाचंही तसंच होतं. पाच वेळा नवं पुस्तक मागून मिळालं नाही की सहाव्यांदा तो मागत नाही. समोर असेल त्यातलं उचलतो आणि फॉर्मवर ‘समाधानी’ लिहितो.

म्हणून एका खुणेऐवजी तीन आकडे विचारा. ही रीत माझी नाही. १९८०च्या दशकात परशुरामन, झाइथामल आणि बेरी या तिघा अभ्यासकांनी मांडलं की सेवेचा दर्जा म्हणजे लोकांची अपेक्षा आणि त्यांना आलेला अनुभव यांतलं अंतर. तोच विचार पुढे नेत अमेरिकेतल्या असोसिएशन ऑफ रिसर्च लायब्ररीज या संस्थेनं आणि टेक्सास ए अँड एम विद्यापीठानं २०००च्या सुमारास ग्रंथालयांसाठी ‘लिबक्वाल’ नावाची प्रश्नावली तयार केली. त्यात २२ प्रश्न आहेत. काही कर्मचाऱ्यांच्या वागणुकीबद्दल, काही हवं ते स्वतःचं स्वतः शोधता येतं का याबद्दल, काही जागेबद्दल. प्रत्येक प्रश्नाला १ ते ९ मधले तीन आकडे द्यायचे: निदान किती असायला हवं, मनातून किती हवं, आणि प्रत्यक्षात किती मिळतं. शेवटी मोकळं लिहायला एक चौकट.

आपल्या वाचनालयाला २२ प्रश्न नकोत, सात-आठ पुरेत. पण तीन आकडे सोडू नका, कारण त्यांची खरी गंमत एकमेकांशेजारी ठेवल्यावर कळते. समजा शांततेला एका वाचकानं निदान ६, हवं ८, मिळतं ७ असं लिहिलं. म्हणजे पूर्ण मनासारखं नाही, पण निभतंय. पिण्याच्या पाण्याला निदान ७, हवं ८, मिळतं ५ लिहिलं, तर तिथे आपण त्याच्या किमान मापाच्याही खाली गेलो आहोत, तो कधीही निघून जाईल. आता तिसरी ओळ बघा. नव्या पुस्तकांना निदान ३, हवं ८, मिळतं ४. हिशेबानं आपण किमान मापाच्या वर आहोत, तक्रार नाही. पण तो ‘३’ बघा. या माणसाला मनातून आठ हवंय आणि आपल्याकडून त्यानं तीनचीच आशा ठेवली आहे. मला सगळ्यात जास्त काळजी याच ओळीची वाटते. अशा ओळीचा वाचक भांडत नाही, फॉर्मवर ‘समाधानी’ची खूण करून जातो. तुमची देवघेव ज्यांच्यामुळे कमी होतेय ते याच ओळीतले आहेत असा माझा अंदाज आहे, आणि तो तपासून बघणं सोपं आहे.

कसं, ते सांगते. अनामत रकमेची वही काढा. ज्यांची अनामत तुमच्याकडे जमा आहे पण ज्यांनी वर्षभरात एकही पुस्तक नेलेलं नाही, अशांची यादी करा. त्यातल्या वीस-पंचवीस जणांना फोन करा. “आपण का येत नाही?” असं विचारू नका. त्यात दोष दिल्यासारखं वाटतं, आणि “वेळ मिळत नाही” हे एकच उत्तर येतं. “शेवटचं कोणतं पुस्तक नेलं होतं, आठवतंय का? मग पुढे काय झालं?” असं विचारा आणि गप्प बसून ऐका. मी हे पहिल्यांदा केलं तेव्हा एका बाईंनी सांगितलं की त्यांना एका कादंबरीचा दुसरा भाग हवा होता. तीन वेळा आल्या, तिन्ही वेळा “बाहेर गेलंय” हे उत्तर मिळालं. चौथ्यांदा त्या आल्या नाहीत. मी कपाटाशी जाऊन बघितलं, तर तो दुसरा भाग चुकून चरित्रांच्या रांगेत उभा होता. वर्षभर तो बाहेर गेलाच नव्हता.

त्या फोननंतर मी ‘नाही’ची वही सुरू केली. साधी शंभर पानी वही, काउंटरवर दोरीनं बांधलेली. वाचकाला “नाही” म्हणावं लागलं की लगेच एक ओळ: तारीख, काय मागितलं, कोणत्या भाषेतलं, आपण काय उत्तर दिलं. नाव लिहायचं नाही. आठवड्याच्या शेवटी प्रत्येक ओळीपुढे कारण लिहायचं. कारणं चारच असतात. पुस्तक आपण घेतलेलंच नाही. घेतलंय, पण दुसऱ्या वाचकाकडे आहे. इमारतीत आहे, पण जागेवर नाही. जागेवरही आहे, पण वाचकाला किंवा आपल्याला सापडलं नाही.

पहिल्या तीन महिन्यांत मला धक्का बसला तो तिसऱ्या आणि चौथ्या कारणांचा. मंडळासमोर आम्ही वर्षानुवर्षं “खरेदीला पैसे कमी पडतात” एवढंच मांडत होतो. पैसे कमी होतेच, पण वहीतल्या कितीतरी ओळींना पैशांची गरज नव्हती. रोज सकाळी अर्धा तास दोन कपाटं क्रमानं लावून घेणं, परत आलेली पुस्तकं टेबलावर दोन-दोन दिवस पडू न देणं, बांधणीला गेलेल्या पुस्तकांची यादी काउंटरवर ठेवणं, एवढ्यानं भागलं असतं. आणि नंतर भागलंही.

अमेरिकेत १९७०च्या दशकात पॉल कँटर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी नेमका हाच हिशेब पद्धतशीर मांडला होता. वाचकाला पुस्तक हातात मिळण्याआधी चार दारं ओलांडावी लागतात: पुस्तक घेतलेलं असणं, त्या वेळी ते दुसऱ्याकडे नसणं, ते ठरल्या जागी असणं आणि वाचकाला ते सापडणं. समजा यातलं प्रत्येक दार शंभरपैकी नव्वद वेळा उघडं मिळतं. प्रत्येक विभाग आपापल्या जागी म्हणेल, नव्वद टक्के काम चोख आहे. पण नव्वदचे नव्वद टक्के, त्याचे पुन्हा, त्याचे पुन्हा असं करत गेलं की शंभरातले सुमारे ६६ वाचकच पुस्तक घेऊन बाहेर पडतात. चौतीस जण हात हलवत जातात. आतून दिसणारं वाचनालय आणि वाचकाला भेटणारं वाचनालय यांत एवढा फरक पडतो, आणि त्यात कुणी कामचुकारपणा केलेला नसतो.

ग्रंथालयशास्त्रज्ञ डॉ. रंगनाथन यांनी १९३१ साली मांडलेल्या ग्रंथालयशास्त्राच्या पाच सूत्रांतलं चौथं सूत्र आपण सगळ्यांनी परीक्षेसाठी पाठ केलेलं असतं: वाचकाचा वेळ वाचवा. मला ते खऱ्या अर्थानं कळलं ते या वहीमुळे. विडी घरकुलातून, म्हणजे विडी कामगारांच्या वसाहतीतून, येणारी बाई सकाळी कारखान्यात विड्या देऊन, पानं-तंबाखू घेऊन घरी जाते. मधला जो पाऊण तास तिच्या हातात आहे त्यातली वीस मिनिटं आपण तिला काउंटरसमोर उभं केलं तर ती पुढच्या आठवड्यात कशाला येईल?

आता अभ्यासिकेकडे वळू, कारण तुमच्या प्रश्नातला खरा गुंता तिथे आहे. खुर्च्या भरलेल्या दिसतात म्हणून वाचनालय चालतंय असं मंडळाला वाटतं. पण ही मुलं-मुली स्वतःची पुस्तकं, स्वतःच्या नोट्स घेऊन येतात. एमपीएससी, तलाठी, पोलीस भरती. तुमच्या कपाटांशी त्यांचा संबंध जवळजवळ नसतो. त्यांना हवी आहे ती जागा. घरात दोन खोल्यांत सहा माणसं, एखाद्या घरात शेजारी यंत्रमागाचा खडखडाट, आणि एप्रिल-मेमध्ये पारा बेचाळीस-त्रेचाळीसवर. त्यांच्यासाठी पंख्याखालची शांत खुर्ची ही फार मोठी सेवा आहे, तिला कमी लेखू नका. पण ती वेगळी सेवा आहे. तिचे आकडे पुस्तकांच्या देवघेवीत मिसळले की दोन्हींचं चित्र बिघडतं. अभ्यासिकेतला मुलगा ‘समाधानी’ लिहितो तो खुर्चीबद्दल, आणि आपण ते नव्या पुस्तकांच्या खात्यात जमा करतो.

म्हणून वाचकांचे गट वेगळे ठेवा: अभ्यासिकेतले, पुस्तकं घरी नेणारे, सकाळी वृत्तपत्र वाचायला येणारे ज्येष्ठ, आणि मुलं. प्रत्येक गटाचे तीन आकडे वेगळे मांडा. सगळ्यांची सरासरी काढू नका. ज्येष्ठ गृहस्थाला नऊच्या ठोक्याला वृत्तपत्र हवं असतं, विद्यार्थ्याला रात्री अकरापर्यंत दिवा. दोघांची सरासरी काढली तर जे उत्तर येतं ते दोघांपैकी कुणाच्याच उपयोगाचं नसतं.

या गटवारीत पूर्व भागात आणखी एक गट आहे, आणि तुमच्या फॉर्ममध्ये तो आलेला नसणार, कारण फॉर्म मराठीत असेल. आपल्या शहराची घरची बोली एक नाही. विणकर पद्मशाली घरांमधून तेलुगू, अक्कलकोटच्या बाजूनं आलेल्या घरांमधून कन्नड, कुठे उर्दू. पुढची पिढी मराठी शाळेत शिकलेली आहे, त्यामुळे “आता तेलुगू कोण वाचतं” असं आम्हीही धरून चाललो होतो. आमच्याकडे तेलुगू पुस्तकांचं एक कपाट होतं. एक ज्येष्ठ गृहस्थ, आयुष्य हातमागावर गेलेलं, यायचे, त्या कपाटासमोर दोन मिनिटं उभे राहायचे आणि वृत्तपत्र वाचून जायचे. एकदा मी विचारलं, “आजोबा, पुस्तक नेत नाही का?” ते म्हणाले, “बाई, हे वाचून झालेत सगळे. दोनदा झालेत. आणि यातले चार उलटे ठेवलेत.” खरंच, चार पुस्तकं उलटी होती. आमच्यापैकी कुणालाच ती लिपी येत नव्हती. यादीत त्या पुस्तकांची नावं मराठी अक्षरांत कुणीतरी अंदाजानं लिहिलेली होती, दोन-तीन ठिकाणी नावाच्या जागी प्रकाशकाचं नाव होतं. कपाट होतं, खर्च झालेला होता, तपासणीत संख्या भरत होती, आणि वाचकाच्या दृष्टीनं ती सेवा नव्हतीच. पुढे तेलुगू वाचता येणारी एक कॉलेजची मुलगी दोन रविवार बसली आणि तिनं सगळी यादी नीट करून दिली. आजोबांनीच मग काय घ्यावं याची नावं सांगितली. तुमच्याकडे असं कपाट असेल तर फॉर्म छापण्याआधी ते बघा. आणि ज्यांना मराठी वाचण्यापेक्षा बोलणं सोपं जातं, त्यांना फॉर्म देऊ नका. शेजारी बसून विचारा.

तपासणीचा विषय निघाला म्हणून सांगते. आपलं सगळं मान्यता आणि अनुदानाचं गणित १९६७च्या महाराष्ट्र सार्वजनिक ग्रंथालये अधिनियमावर आणि १९७०च्या अनुदान नियमांवर उभं आहे. अ, ब, क, ड हे वर्ग ठरतात ते पुस्तकं किती, नियतकालिकं किती, वाचनालय किती वेळ उघडं, अशा मोजता येणाऱ्या गोष्टींवर. त्या कायद्यानं गावोगाव वाचनालयं टिकली, त्याबद्दल मला मनापासून आदर आहे. पण त्याचा परिणाम असा होतो की आपण दाखल नोंदवहीतली, म्हणजे आलेलं प्रत्येक पुस्तक जिथे नोंदतात त्या वहीतली, संख्या जपत बसतो. फाटलेली, कालबाह्य पुस्तकं निर्लेखित करायला, म्हणजे रीतसर नोंदीतून काढून टाकायला, हात धजत नाही. मग नवं पुस्तक जुन्या गठ्ठ्यात बुडून जातं. तुमच्या सभासदांनी नव्या पुस्तकांना कमी आकडा दिला तर आधी कपाटं हलकी करून बघा. नियमानं मंडळाचा ठराव घेऊन करायचं ते काम आहे, लांब वाटतं, पण करा. आमच्याकडे निर्लेखनानंतर लोक म्हणाले, “यंदा बरीच नवी पुस्तकं आणली.” आणली नव्हती, दिसायला लागली होती.

एक गोष्ट कुठल्याच फॉर्मवर येत नाही, म्हणून मुद्दाम लिहिते. कॉलेजमध्ये असताना स्पर्धा परीक्षेची तयारी करणारी एक मुलगी सकाळी नऊला यायची आणि दुपारी एकला निघून जायची. बाकी मुलं संध्याकाळपर्यंत असायची. हुशार मुलगी, मला वाटायचं घरी काम असेल. एकदा विचारलं तर आधी काही बोलेना. मग म्हणाली, “ताई, इथल्या बाथरूमची कडी लागत नाही. मी सकाळपासून पाणीच पीत नाही, एक वाजेपर्यंतच जमतं.” मे महिना होता. तिनंही फॉर्म भरलेला होता, आणि त्यावर ‘समाधानी’च होतं. ती कडी दुसऱ्या दिवशी बसली, खर्च किरकोळ. त्यानंतर ती सहापर्यंत बसायला लागली, आणि तिच्याबरोबर आणखी तिघी-चौघी. मी त्या जागेत कित्येक वर्षं काम करत होते आणि मला ते दिसलं नव्हतं, कारण आम्हा कर्मचाऱ्यांचं स्वच्छतागृह वेगळं होतं. म्हणून माझी विनंती आहे, एक दिवस रजा टाका आणि वाचक म्हणून आपल्याच वाचनालयात सकाळपासून संध्याकाळपर्यंत बसा. वाचकांचं पाणी प्या, वाचकांच्या खुर्चीवर बसा, कपाटातून पुस्तक स्वतः शोधा.

कर्मचाऱ्यांच्या वागणुकीवरच्या आकड्यांबद्दल थोडं जपून वागा. तिथे कमी गुण आले की मंडळ लगेच शिपायावर किंवा लिपिकावर घसरतं. सार्वजनिक वाचनालयातला कर्मचारी कशा पगारावर राबतो हे तुम्हाला माहीत आहे, आणि अनुदानाचा हप्ता लांबला की पगारही लांबतो. एकच माणूस देवघेव, नोंदी, झाडलोट आणि अभ्यासिकेतली भांडणं सांभाळत असेल तर त्याच्या आवाजात चिडचिड येणारच. ते अहवालात कारणासकट लिहा.

काही अपेक्षा पुऱ्या होणार नाहीत, त्याही लिहा. प्रत्येक परीक्षेच्या प्रत्येक मार्गदर्शकाच्या वीस प्रती आपण घेऊ शकत नाही, आणि घेऊही नयेत. पुढच्या वर्षी अभ्यासक्रम बदलला की त्यांची रद्दी होते. तो पैसा मुलांच्या विभागात गेला तर दहा वर्षांनी तुम्हाला वाचक मिळतील. हे वाचकांना फलकावर स्पष्ट सांगा. “बघू, मागवू” असं सांगून टोलवत राहण्यापेक्षा कारणासह दिलेला नकार लोक समजून घेतात. फलकाच्या दुसऱ्या बाजूला गेल्या तीन महिन्यांत वाचकांच्या सांगण्यावरून काय बदललं ते लिहा, अगदी चार ओळी. ते दिसलं की पुढच्या वेळी लोक तुम्हाला खरं सांगतात.

वेळेचं म्हणाल तर जानेवारीत गड्ड्याच्या यात्रेच्या दिवसांत आणि जूनच्या प्रवेशाच्या धांदलीत हे करू नका. ऑगस्ट-सप्टेंबर बरा. फॉर्मवर नाव नको, पेटी काउंटरपासून लांब, दाराजवळ ठेवा.

आणि अहवाल. मंडळाची बैठक जवळ आली असेल तर हातातला फॉर्म फेकू नका, पण त्याचं नाव बरोबर लिहा: ‘सध्या येणाऱ्या सभासदांचं मत’. त्याखाली लिहा की न येणाऱ्यांना फोन करायचे आहेत आणि ‘नाही’ची वही सुरू केली आहे, तीन महिन्यांनी दोन्ही मांडते. सॉफ्टवेअर हवं असा विषय कुणी काढेलच. ई-ग्रंथालय असो की कोहा, दोन्ही चांगली आहेत, पण पुस्तक चरित्रांच्या रांगेत उभं असेल तर संगणकही ते ‘उपलब्ध’च दाखवणार. आधी कपाटं लावून घ्या. फोन करायला बसाल तेव्हा बायकांना दुपारी तीननंतर करा, तेव्हा त्या जरा मोकळ्या असतात, बोलतात.